एतीन आणि दमयंती : दोन प्रेमकथांतील शब्दच्छल

प्राचीन आयरिश वाङ्मयातील एतीनच्या मागणीची कथा आठव्या-नवव्या शतकांत रचली गेली, असे अभ्यासक मानतात. दीर्घकाळ ती खंडित स्वरूपातच उपलब्ध होती. हरवलेली पाने सापडल्यानंतर बर्गिन व बेस्ट यांनी १९३८ मध्ये तिची पूर्ण संहिता प्रसिद्ध केली.

कथेच्या आरंभीच एक कपट आहे. ओएंगुस हा एल्कमारकडे ‘दिवस आणि रात्र’ राज्य मागतो. दुसऱ्या दिवशी एल्कमार ते परत मागू लागतो, तेव्हा त्याला उत्तर मिळते की सारा काळ दिवस आणि रात्र यांचाच बनलेला आहे. राज्य कायमचे गेले. (सल्ला देणारा दग्दाच पुढे न्यायनिवाडा करतो, हेही ध्यानात घेण्याजोगे.) प्राचीन आयरिश भाषेत अनिश्चित उपपद नाही, त्या फटीतच हे कपट शिरते. इंग्रजी अनुवादकाची येथे अडचण होते, मराठीत मात्र कपट जसेच्या तसे उतरते. धुळे-सोनगीरकडच्या अहिराणीतही ‘दिन-रात’ म्हटल्यावर एकच अहोरात्र की सर्वकाळ, हे संदर्भावाचून ठरत नाही.

पुढे मिदिर राजा इओखैदशी पटावरचा खेळ मांडतो, आधी हेतुतः हरतो, आणि पण न ठरविलेला अखेरचा डाव जिंकून एतीनला एक आलिंगन व एक चुंबन एवढेच मागतो. ठरल्या दिवशी दारे बंद, सैन्य सज्ज. तरी तो आलिंगन देतो आणि तिला घेऊन छताच्या धुराड्यातून निघून जातो. बाहेरच्यांना आकाशात दोन हंस दिसतात. अखेर पन्नास सारख्या दिसणाऱ्या स्त्रियांतून इओखैद एकीची निवड करतो. ती त्याचीच कन्या निघते.

हंस, द्यूत आणि एकसारखी रूपे ही सामग्री मराठी वाचकाला विदर्भकन्या दमयंतीच्या आख्यानावरून परिचित आहे. परंतु हे साम्य वरवरचे होय. चार देव नलाचे रूप घेऊन बसतात, तेव्हा निवड करणारी स्त्री असते, आणि ती सत्याची शपथ घालून देवांनाच त्यांची चिन्हे प्रकट करावयास लावते. इओखैदची परीक्षा चुकते. दमयंतीची चुकत नाही.

खरा भेद वनपर्वातील या आख्यानाच्या उत्तरार्धात दिसतो. मिदिर व ओएंगुस शब्दशः खरे बोलून फसवितात. दमयंती शब्दशः खोटे बोलते. उद्या सूर्योदयी दुसरे स्वयंवर आहे, असा निरोप ती सुदेवाकरवी अयोध्येच्या ऋतुपर्णाला धाडते. आईला हे ठाऊक असते, पित्याला नसते. वाक्य ऐकणारा ऋतुपर्ण, पण त्याचा अर्थ सारथी बाहुकासाठी. कारण शंभर योजने एका दिवसात तोडू शकणारा सारथी नलावाचून दुसरा नाही. कुंडिनपुरात ना राजे, ना मंडप. संकोचलेला ऋतुपर्ण आपण केवळ अभिवादनासाठी आलो असे सांगतो, आणि एवढ्यासाठी इतका प्रवास कशाला, हे भीमाला उमगत नाही.

आयरिश कथेत शब्द पाळले गेल्यामुळे इओखैदला दाद मागण्यास जागा उरत नाही. येथे नल उघडपणे जाब विचारतो. दमयंतीला शपथ घ्यावी लागते, आणि तो केवळ त्याला आणण्याचा उपाय होता, अशी साक्ष अंतरिक्षातून वायू देतो.