मु. पो. ता. जि. : अंधारात घर सापडण्याचा इतिहास

१/ कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीच्या फाट्यावर रात्री नऊनंतर पार्सल घेऊन आलेला तरुण दुचाकी थांबवतो. मोबाईलच्या नकाशावरील खूण भाताच्या खाचरात पडलेली असते. मग फोन होतो आणि पलीकडून उत्तर येते : "शाळेच्या पुढे या, वडापाशी उजवीकडे वळा." रात्री परक्या माणसाला घर सापडावे कसे, हा प्रश्न आजचा वाटतो. त्याचा इतिहास मात्र दोन शतकांहून जुना आहे.

२/ आरंभ पत्त्यापासूनच करावा. "मु. पो. ता. जि." ही चार अक्षरे म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. "मु." म्हणजे माणूस राहतो ते गाव, "पो." म्हणजे त्या गावाचे टपाल ज्या कचेरीत उतरते ते गाव. दोन्ही एकच असतील तर "मु. पो." जोडून लिहितात. या पत्त्यात घर कोठेच नाही. गावापर्यंत कागद आणतो. पुढे माणूस लागतो.

३/ तो माणूस पूर्वी ठरलेला होता. गावाच्या वेशीवर वेसकर असे. आल्यागेल्यावर लक्ष ठेवणे, परक्याला पाटलाच्या दारी नेणे, सरकारी माणसाला वाट दाखवत पुढच्या गावच्या हद्दीपर्यंत पोहोचवणे, सरकारी टपाल पुढे नेणे ही कामे त्याच्याकडे असत. वेळी-अवेळी हाक आली तरी उठावे लागे. गावाचा चालताबोलता पत्ता तोच होता.

४/ हे काम महार वतनाचा भाग होते. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते. नकार देण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच बंधनाविरुद्ध. कनिष्ठ ग्रामवतने शेवटी १९५८ च्या कायद्याने संपली. जुन्या गावात अंधारात वाट सहज सापडे, असे म्हणताना ती कोणाच्या झोपेच्या मोलाने सापडे हे विसरता येत नाही.

५/ खालापूरच्या भूमीवरून पुणे-पनवेल हा जुना घाटमार्ग जातो. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधवलेला तलाव वाटसरूंच्या मुक्कामाची साक्ष देतो. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात घाटातून गाडीरस्ता खुला झाला. हमरस्त्यावरचे खोपोली सर्वांना ठाऊक झाले. रस्त्यापासून दोन कोस आत असलेली वाडी मात्र पूर्वीइतकीच अज्ञात राहिली.

६/ डाक धावपट्यांच्या पायांवर चाले. हातातल्या काठीला किंवा भाल्याला घुंगरू बांधलेले असत. जनावर दूर जावे आणि पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने तयार राहावे, हा त्यांचा हेतू. रानातल्या टप्प्यांवर रात्री सोबत मशालजी असे. डाक येते आहे, हे दिसण्याआधी ऐकू येई.

७/ १८५४ मध्ये टपालाची नवी व्यवस्था आली. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर साधे पत्र देशात कोठेही जाऊ लागले. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली. मुंबईचे पत्र कर्जतच्या फलाटावर काही तासांत उतरू लागले. फलाटापासून वाडीपर्यंतचा प्रवास मात्र पोस्टमनच्या पायांवर किंवा बाजाराला आलेल्या गावकऱ्याच्या हाती सोपवलेला राहिला.

८/ सरकारने गावात काहीच मोजले नाही, असे नाही. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने मुंबई इलाख्यातील जमिनीची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड रोवले गेले. कारण सारा शेतावर होता. घरे ज्या जागेवर उभी होती ते गावठाण नकाशात बहुधा एकसंध तुकडा म्हणून राहिले. म्हणूनच सातबाऱ्यावर शेताचा ठावठिकाणा काटेकोर सापडतो. घराचा सापडत नाही.

९/ ठाकर आणि कातकरी वाड्यांची स्थिती याहून बिकट. त्यांपैकी कित्येक वनजमिनीच्या कडेला किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसल्या. त्यांना स्वतःचे गावठाणच नव्हते. जिथे जमीन आपल्या नावावर नाही, तिथे दाराला क्रमांक तरी कोण देणार? पत्ता नसणे आणि हक्क नसणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू ठरल्या.

१०/ तरीही भिंतींवर आकडे आले. जनगणनेच्या वेळी प्रगणकांनी दारांवर घर क्रमांक रंगवले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर डीडीटी फवारणाऱ्या पथकांनी भिंतींवर तारखा लिहिल्या. ग्रामपंचायतीने घरपट्टीसाठी नमुना ८ मध्ये मिळकतींना क्रमांक दिले. हे सर्व आकडे ते लिहिणाऱ्याच्या सोयीचे होते. घर शोधणाऱ्या परक्याच्या सोयीचा त्यात एकही नव्हता.

११/ अंधाराची कथाही याच प्रदेशाची आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राने १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी ती निर्माण झाली, त्यांच्या कुशीतील वाड्यांत मात्र पुढे कित्येक दशके रॉकेलची चिमणीच होती.

१२/ नावांचा गोंधळ निराळाच. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत : एक रायगडात, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. शिवाय रायगड जिल्हा १९८१ पर्यंत "कुलाबा" होता आणि मुंबईतही कुलाबा आहेच. "जि." हे अक्षर चुकले की पत्र सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाला जाई. तालुक्याच्या आत पाहावे, तर ठाकूरवाडी आणि कातकरवाडी ही नावे जागोजागी.

१३/ अशा गोंधळावर उपाय शोधला एका मराठी अधिकाऱ्याने. टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान आणि कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. सारखी गावनावे, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या यांतून टपाल योग्य कचेरीत पोहोचावे, हा त्याचा उद्देश.

१४/ कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. पहिले तीन आकडे टपाल-वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारी कचेरी. घाटमाथ्यावरचे लोणावळेही "४१०" मध्येच येते. टपालाला घाट आडवा येत नाही. पण पिनकोड थांबतो तो कचेरीच्या दारात. घराचे दार पोस्टमनच्या स्मरणातच राहिले.

१५/ पोस्टमन दिवसा येतो आणि गाव ओळखतो. म्हणून ही उणीव दीर्घकाळ खुपली नाही. ती खुपू लागली, जेव्हा परका माणूस रात्री येऊ लागला. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. मग स्मार्टफोन आले आणि त्यामागोमाग पार्सले. चालकाला गावाची ओळख नाही, हाताशी वेसकर नाही आणि विचारावे तर रस्त्यावर कोणी नाही.

१६/ या उणिवेची सर्वांत कठोर आठवण १९ जुलै २०२३ च्या रात्रीची आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ, इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतपथके पावसात, अंधारात, चिखलाची चढण चालून वर गेली. यंत्रे वर नेता आली नाहीत. हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडू शकले नाही. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली.

१७/ तिथे नुसत्या पाटीने कोणी वाचले असते, असे नाही. उणीव रस्त्याची आणि सुरक्षित जागेची होती. पण कोणते घर कोठे होते आणि आत किती माणसे होती, हे बचावलेल्या वाडीकरांकडूनच जाणून घ्यावे लागले. पत्ता पुन्हा एकदा माणसाच्या आठवणीतच होता.

१८/ अलीकडे हालचाल झाली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. २०२५ मध्ये टपाल खात्याने "डिजिपिन" आणला : देशातील सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी संकेत. पहिल्यांदाच पत्ता थेट उंबऱ्यापर्यंत आला.

१९/ तरी संकेत अंधारात चमकत नाही आणि डोंगराआड मोबाईलची रेंज जाते. इथे जुन्या व्यवस्थेतून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. वेसकर घराच्या दारात उभा नसे, वेशीवर असे. परका चुकतो तो दाराशी नव्हे, वळणाशी. म्हणून पाटी हवी फाट्यावर, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी. आकडे ठळक आणि उजेड पडताच चमकणाऱ्या पट्टीचे. दारावर तोच क्रमांक पुन्हा आणि वर एक दिवा. खूण सांगावी ती न हलणारी : देऊळ, शाळा, पाण्याची टाकी. पावसाळ्यात पडू शकणारे झाड किंवा बंद होऊ शकणारी टपरी नव्हे.

२०/ सरकारला सारा हवा होता, तेव्हा शेताला क्रमांक मिळाला. टपाल वेगाने वाटायचे होते, तेव्हा कचेरीला मिळाला. घराच्या दाराचा क्रमांक सर्वांत शेवटी आला, कारण तो ज्याच्या उपयोगाचा होता तो आतला माणूस होता. आज त्या पाटीमुळे जेवणाचा डबा गरम पोहोचेल. एखाद्या रात्री त्याच पाटीवरून रुग्णवाहिका वळेल. आणि वाट दाखवण्यासाठी कोणाला झोपेतून उठवावे लागणार नाही.