एक नंबरची कुस्ती

अली आज असता तर त्याने टायसन फ्युरीला लोळवलं असतं का? मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटावर जीव असलेली माणसं हा प्रश्न एकमेकांना विचारत आयुष्य काढतात. आमच्या हिंगोलीत हेच भांडण वेगळ्या नावांनी चालतं. दसऱ्यात रामलीला मैदानाकडे निघालेल्या गर्दीत, जत्रेतल्या दंगलीच्या कडेला, रसवंतीच्या बाकड्यावर कोणीतरी म्हणतंच, “आताचे काय पैलवान? हरिश्चंद्र बिराजदार पाहिला होता का तू?” मी नाही पाहिला. माझ्या वयाच्या कोणीच नाही पाहिला. म्हणून हा वाद आम्ही दरवेळी हरतो.

पण पाहिलं नाही म्हणून हिशोबही करायचा नाही, असं थोडंच आहे?

सुरुवात वजनापासून करू, कारण ‘हेवीवेट’ हा शब्दच फसवा आहे. रॉकी मार्सियानो १९५६ साली ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. त्याचं लढतीचं वजन साधारण ८४-८५ किलो. आज हेवीवेट गट ९०.७ किलोच्या वर सुरू होतो, म्हणजे मार्सियानोला आज त्या गटाच्या दारातही उभं करणार नाहीत. जो लुईने १९३८ मध्ये श्मेलिंगला पहिल्याच फेरीत झोपवलं तेव्हा तो जेमतेम ९० किलोचा होता. १९७१ चा फ्रेझर ९३, तर १९७४ मध्ये किन्शासाला फोरमनसमोर उभा राहिलेला अली ९८. आणि आताचा फ्युरी? उंची सहा फूट नऊ इंच, वजन ११९ किलोच्या आसपास. म्हणजे हेवीवेट हा गट प्रत्येक पिढीत वेगळ्या आकाराच्या माणसांचा झालाय. नाव तेवढं तेच राहिलं.

कुस्तीने यावर वेगळा उपाय काढला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ख्रिस टेलर उतरला होता, वजन १८० किलोच्या वर. त्याच्यापुढे सोव्हिएत संघाचा अलेक्सांद्र मेदवेद म्हणजे निम्म्यापेक्षा थोडा जास्त माणूस. मेदवेद जिंकला आणि तिसरं सुवर्ण घेऊन घरी गेला. पण असले डोंगर मॅटवर येत राहिले तर कुस्ती उरणार नाही, हे पुढे सगळ्यांच्या लक्षात आलं. आधी १३० किलोची, मग १२० ची आणि आता १२५ किलोची मर्यादा आली. मुष्टियुद्धात वरच्या बाजूला आजही कुंपण नाही.

आपल्या महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा. आपला हेवीवेट म्हणायचा तर हाच. पहिला महाराष्ट्र केसरी १९६१ चा, दिनकर दह्यारी. तेव्हापासूनच्या याद्या आमच्याकडच्या कित्येक माणसांना पाढ्यांसारख्या पाठ आहेत. त्या यादीत मराठवाड्याचा जीव अडकलेला आहे १९६९ वर. हरिश्चंद्र बिराजदार, लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९७० मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, १९७२ ला हिंदकेसरी आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला पाडलं. ही शेवटची गोष्ट सांगताना आमच्याकडचे म्हातारे आवाज खाली आणतात. सतपाल म्हणजे साधा गडी नव्हता. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने १०० किलो गटात सुवर्ण घेतलं, आणि पुढे सुशील कुमार त्याच्याच हाताखाली तयार झाला.

(त्याच १९८२ च्या स्पर्धेत मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटाचं सुवर्णही भारताकडे आलं होतं. ते आणणारा पंजाबचा कौर सिंग. त्याआधी दोन वर्षं तो दिल्लीत खुद्द अलीसमोर प्रदर्शनीय लढत खेळला होता. हे नाव किती जणांना माहीत आहे, एकदा विचारून बघा.)

मराठवाड्याला शाहू महाराज मिळाले नाहीत, ही गोष्ट कुस्तीच्या इतिहासात नेहमी वगळली जाते. कोल्हापूरला राजाने तालमी पोसल्या, पंजाबचे मल्ल आणून ठेवले, १९१२ मध्ये खासबागसारखं मैदान उभं केलं. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आमच्याकडे कुस्ती टिकली ती गावच्या वर्गणीवर: नारळावरची कुस्ती, रेवड्यांवरची कुस्ती, पन्नास रुपयांची, शंभराची आणि सूर्य मावळायला आला की एक नंबरची. मोठं व्हायचं तर गाव सोडायचं, कोल्हापूर नाहीतर पुणे गाठायचं. आजही औंढ्याच्या नाहीतर वसमतच्या पोराला हेच करावं लागतं.

आता मुद्द्याचं. जुने खरंच भारी होते का?

त्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनच्या सगळ्यांत वरच्या गटात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतलं. मारुती माने यांनी त्याच्या खालच्या गटात उलटं केलं, फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. दादू चौगुले १९७० आणि ७१ चे महाराष्ट्र केसरी, १९७३ चे हिंदकेसरी, १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुलमध्ये रौप्य. म्हणजे त्या काळी महाराष्ट्रात जो एक नंबर होता, तो बाहेर जाऊनही पदक घेऊन येत होता. आज महाराष्ट्र केसरी जिंकणाऱ्याकडून अशी अपेक्षा करायचं आपण जवळपास सोडून दिलंय. वरच्या वजनात देशाच्या संघात हरियाणा-पंजाबची नावं दिसतात.

पण या पुराव्याला एक भोक आहे, आणि ते कुस्ती-मुष्टियुद्ध दोन्हींत एकाच जागी आहे. १९९१ ला सोव्हिएत संघ फुटला. त्याआधी उझबेकिस्तान, कझाकस्तान हे आशियाई स्पर्धेत नव्हतेच. तिथली धिप्पाड पोरं सोव्हिएत जर्सीत युरोपात लढायची. १९९४ पासून ती आशियाई स्पर्धेत उतरली आणि भारताच्या वरच्या वजनाच्या पैलवानापुढे इराणबरोबर आणखी दोन-तीन डोंगर उभे राहिले. आंदळकर-माने यांचं मोठेपण याने कमी होत नाही. पण आजच्या पोराला तेच पदक आणायला जास्त उंच भिंत चढावी लागते, हेही खरं.

मुष्टियुद्धातही तसंच. सत्तरचं दशक सोन्याचं होतं यात वाद नाही. मार्च १९७१ मध्ये फ्रेझरने अलीला हरवलं, जानेवारी १९७३ मध्ये फोरमनने फ्रेझरला, ऑक्टोबर १९७४ मध्ये अलीने फोरमनला. एकाच काळात तीन असे गडी, आणि तिघेही एकमेकांना टाळत नव्हते. अली १९७५ या एका वर्षात चार वेळा किताब पणाला लावून खेळला. २०२३ मध्ये फ्युरी आणि उसिक दोघेही वर्षातून एकेकदाच रिंगमध्ये आले. पण त्याच सोन्याच्या काळात क्युबाचा तेओफिलो स्टिव्हन्सन १९७२, ७६ आणि ८० असं सलग तीनदा ऑलिंपिक जिंकत होता, आणि अलीशी त्याची गाठ कधीच पडली नाही. क्युबा आणि सोव्हिएत संघ यांचे मुष्टियोद्धे व्यावसायिक रिंगमध्ये येतच नव्हते. आज युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक येतो, खालच्या क्रूझरवेट गटातले सगळे पट्टे आधी जिंकून, १०१ किलो वजन घेऊन, आणि १८ मे २०२४ ला रियाधमध्ये फ्युरीला हरवतो. तेव्हाचा एक नंबर अर्ध्या जगातला होता. आताचा पुष्कळसा पूर्ण जगातला आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्या पाचांत सत्तरचं दशक आजच्यापेक्षा वरचढ होतं. उसिक मात्र कुठल्याही दशकात उभा राहिला असता.

कुस्तीत असं सरळ मत देता येत नाही, कारण खेळच बदललाय. जत्रेत जोड कशी लावतात बघा. वजनकाटा नसतो. पैलवान लंगोट लावून मैदानाला फेरी मारतो, पंच दोघांना शेजारी उभं करतात, अंगावरून नजर फिरवतात, लोक ओरडतात “जमली, जमली”, की झालं. मग कुस्ती चितपट होईपर्यंत, म्हणजे दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत. जुन्या निकाली कुस्त्यांना घड्याळ नसायचं. १९१० मध्ये लंडनला गामा आणि झ्बिश्को अडीच तास झुंजले आणि निकाल लागला नाही. १९२८ ला पतियाळात तेच दोघे भिडले आणि गामाने एका मिनिटाच्या आत संपवलं. अशा खेळात दम, पकडीची ताकद आणि समोरच्याला कंटाळा आणायची कला लागते. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती संपली. तिथे वेग लागतो, गुणांचं गणित लागतं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत ‘बाहेरची टांग’ला दिलेल्या चार गुणांवरून किती रणकंदन झालं आठवा. आमच्या आजोबांच्या पिढीला गुण म्हणजे काय हेच कळलं नसतं. पडला की नाही, एवढंच ते विचारायचे.

म्हणून माझा निकाल असा: मातीत, घड्याळाशिवाय, बिराजदार आजच्या कुणालाही भारी पडतील. मॅटवर सहा मिनिटांत शिवराज राक्षे किंवा सिकंदर शेख यांच्यासमोर मी जुन्यांवर पैसे लावणार नाही. (लावूही नयेत म्हणा.)

आता दुखणं. एक नंबर कोण, हे ठरवायचं कुणी? मुष्टियुद्धात चार संघटना, चार पट्टे. चारही पट्टे एका कमरेला आणायला उसिक यावा लागला. त्याआधी हेवीवेटचा निर्विवाद राजा १९९९ चा लेनॉक्स लुईस. मधली २५ वर्षं गेली. आणि उसिकनेही महिनाभरात एक पट्टा सोडला. हे वाचून आपण हसायचो. मग नोव्हेंबर २०२३ आला. फुलगावला सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चित करून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! २०२५ मध्ये पुन्हा तेच: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरला तर खांदे टेकले की नाही यावरून राक्षेने पंचांना लाथ मारली, अंतिम लढतीत गायकवाडने मैदान सोडलं आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पैलवानांना दोष द्यावाच लागेल. पण ज्या पोराने दहा वर्षं मातीत घालवली, त्याला आपण जिंकलेली गदा खरी की शेजारच्या जिल्ह्यातली खरी, हे कोर्टकचेऱ्यांतून कळणार असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर कसं राहावं?

गदा नुसती शोभेची नाही. तिच्यामागून गाडी येते, सरकारी नोकरीची आशा येते. विजय चौधरीने तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकलं आणि पोलिस उपअधीक्षक झाला, हे गावोगावच्या बापांना माहीत आहे. म्हणून ते पोराला वजन वाढवायला लावतात. वजन म्हणजे दूध, तूप, बदाम, अंडी, मांस, रोज, वर्षानुवर्षं. सेनगाव-कळमनुरीकडच्या कोरडवाहू सोयाबीनवाल्याला शंभर किलोचा पैलवान पोसणं म्हणजे घरात आणखी एक बैलजोडी ठेवण्यासारखं आहे. हळदीला भाव लागला त्या वर्षी खुराक चालतो, पडला त्या वर्षी पोरगं पुण्याहून परत येतं. खुल्या गटात ताकदीबरोबर घरची ऐपतही लढत असते, आणि आमच्या जिल्ह्याचं पारडं तिथे आधीच वर गेलेलं असतं.

गंमत अशी की भारताची ऑलिंपिकमधली कुस्तीची सगळी पदकं काढून बघा: खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत, ५७ किलो. त्यानंतर सुशील, योगेश्वर, साक्षी, रवी दहिया, बजरंग, अमन. सगळी ६६ किलोच्या आतली. वरच्या गटात एकही नाही. बिराजदारांचाच चेला, बीड जिल्ह्यातला राहुल आवारे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्यपदक घेऊन आला. त्या वजनात तो महाराष्ट्र केसरीच्या गटात उभाही राहू शकत नव्हता. मग आपल्या राज्यातला सगळ्यांत मोठा पैलवान कोण, हे ठरवायला आपण ८६ किलोची अट घालून बसलोय, ती कुणाच्या सोयीसाठी?

आमच्याकडच्या जत्रांत साठ किलोच्या पोरांच्या कुस्त्या दुपारी चारला, ऊन असताना होतात. पन्नास-शंभराच्या. लोक तेव्हा भजी खात असतात, निम्मे अजून आलेले नसतात. एक नंबरच्या कुस्तीला मात्र झाडावरही जागा नसते.