सोंग घेतलं की सुचतं

हल्ली कंपन्यांच्या प्रशिक्षणात ‘रोल-प्ले’ करायला लावतात. तू गिऱ्हाईक हो, तू साहेब हो, आणि बघू काय नवं सुचतं! हे तंत्र नवीन म्हणून सांगतात तेव्हा मला हसू येतं. आपल्या एकोडी-साकोलीच्या टापूत, किंबहुना सगळ्या झाडीपट्टीत, दिवाळी सरते आणि भाऊबीजेपासून मंडया भरू लागतात. त्या मंडयांतली दंडार आणि खडी गंमत दुसरं काय करत होती?

जुन्या दंडारीला लिहिलेली संहिता नसायची. कथेचा सांगाडा ठरलेला, गाणी पाठ. मधले संवाद मात्र उभ्या उभ्या सुचायचे. माझ्या लहानपणी गावातल्या एका शेतमजुराला मी सावकाराच्या सोंगात पाहिलं. दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण त्या रात्री त्यानं व्याजाचा असा हिशेब मांडला की खरे देणेकरीही पोट धरून हसले. समोर कर्जदार झालेल्याला उत्तर देणं भागच होतं. त्यानं दिलं ते त्यालाही आधी ठाऊक नसावं. प्रेक्षकांतून कुणी टोमणा टाकला की तोही खेळात जाई. घरी एकटं बसून यातलं काहीच सुचलं नसतं.

हे का होतं? बोलणारा ‘मी’ नसतो, सावकार असतो. चूक झाली तर ती सोंगाची. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 1938 च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये म्हटलंय की खेळाला स्वतःची हद्द असते, काळाची आणि जागेची. त्या हद्दीत रोजचे मानपान थांबतात. आमच्याकडे ती हद्द पहाटेपर्यंतची! सकाळी मजूर पुन्हा मजूरच, हेही विसरू नका.

एक उणीव मात्र मोठी होती. दंडारीतली बाई म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. पुढे वडसा-देसाईगंजच्या नाटकांतून स्त्रिया रंगमंचावर आल्या खऱ्या, पण तोवर वाक्यं कागदावर गेली होती. म्हणजे सोंग मिळालं, सुचायची मुभा नाही.

1973 मध्ये ब्राझीलचे ऑगस्टो बोआल पेरू देशातल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. प्रेक्षकांनी तोडगा सांगायचा, नटांनी तो करून दाखवायचा, अशी त्यांची रीत. एका बाईला आपला तोडगा नटांना कळतच नाही असं वाटलं, आणि ती स्वतःच रंगमंचावर चढली. बोआल यांचं ‘फोरम थिएटर’ तिथून सुरू झालं, असं ते सांगत.

आमच्याकडे अशी बाई उठलेली मी पाहिली नाही. पण मंडईच्या दुसऱ्या दिवशी धान कापताना माझी आई आणि तिच्या सोबतिणी रात्रीची दंडार पुन्हा करायच्या. पदर खोचून एक जण सावकार व्हायची. बांधावर बसून मी ऐकायचो. तिथं सावकाराला जी उत्तरं मिळत, ती रात्री कुणालाच सुचलेली नसत.