दोन वर्गांची वजाबाकी

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. मुले त्यावरची उदाहरणे सोडवतात, गुणही मिळवतात. पण ‘याचा उपयोग काय?’ असे एखाद्याने विचारले, तर आपली पंचाईत होते. संख्यांचे अवयव आणि बैजिक राशींचे अवयव हे पुस्तकात वेगवेगळे धडे असतात. गणिताच्या इतिहासात मात्र त्यांची गाठ फार पूर्वीच पडली आहे.

नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’ लिहिली. तीत त्यांनी संख्येचे भाजक शोधण्याची एक रीत दिली आहे. दिलेल्या संख्येत एखादी वर्गसंख्या मिळवून पूर्ण वर्ग होतो का, ते पाहायचे. तसा झाला, तर त्या दोन वर्गमुळांची बेरीज आणि वजाबाकी हे संख्येचे अवयव.

सुमारे तीनशे वर्षांनी, १६४३च्या सुमारास, फ्रान्समधील पिएर द फर्मा यांनी एका पत्रात हीच कल्पना २०२७६५१२८१ या संख्येवर चालवून दाखवली. हिचे वर्गमूळ ४५०२९ हून थोडे अधिक आहे. म्हणून ४५०३० चा वर्ग घेऊन त्यातून संख्या वजा केली. उरले ४९६१९, हा पूर्ण वर्ग नाही. पुढचा वर्ग नव्याने काढावा लागत नाही. या बाकीत ९००६१, मग ९००६३, अशा विषम संख्या मिळवत जायचे. बाराव्या प्रयत्नात, ४५०४१ ला, बाकी आली १०४०४००, म्हणजे १०२० चा वर्ग. अवयव मिळाले : ४६०६१ आणि ४४०२१. एकेका मूळ संख्येने भागत गेलो असतो, तर चार हजारांहून अधिक भागाकार करावे लागले असते!

अर्थात दोन्ही अवयव जवळजवळ होते म्हणूनच हे इतक्या लवकर जमले. ते दूर असतील तर ही रीत फार रेंगाळते. १९२०च्या दशकात बेल्जियममधील मॉरिस क्रायचिक यांनी त्यावर तोड काढली : वर्गांची वजाबाकी दिलेल्या संख्येइतकीच कशाला हवी? तिच्या पटीत असली तरी पुरे. उदाहरणार्थ, १५१३ घ्या. ३९² मधून ती वजा केल्यास ८ उरतात, ४५² मधून वजा केल्यास ५१२. दोन्ही पूर्ण वर्ग नाहीत, पण त्यांचा गुणाकार ४०९६, म्हणजे ६४² आहे. म्हणून (३९ × ४५)² − ६४² ला १५१३ ने भाग जातो. आता १७५५ − ६४ = १६९१ आणि १५१३ यांचा मसावि काढा. तो ८९ येतो, आणि १५१३ = ८९ × १७.

कार्ल पोमरन्स या अमेरिकन गणितज्ञांनी शाळेतली एक आठवण लिहिली आहे. एका स्पर्धेत ८०५१ चे अवयव पाच मिनिटांत काढायचे होते. काही युक्ती असावी हे त्यांना जाणवले, पण ती शोधण्यात वेळ गेला आणि प्रश्न सुटला नाही. युक्ती एवढीच होती : ८१०० − ४९, म्हणजे ९०² − ७². याच पोमरन्स यांनी १९८१ साली क्रायचिक यांच्या कल्पनेवरून ‘वर्ग चाळणी’ ही रीत शोधली.

मोठ्या संख्येचे अवयव काढणे कठीण असते, या भरवशावर १९७७ साली एक गुप्तलेखन पद्धत मांडली गेली आणि १२९ अंकी संख्येचे आव्हान देण्यात आले. १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक वापरून आठ महिन्यांत ते पार केले, तेही वर्ग चाळणीनेच. २०२० साली २५० अंकी संख्येचे अवयव एका वेगळ्या चाळणीने काढले गेले. तिचीही शेवटची पायरी दोन वर्गांची वजाबाकीच आहे.

तेव्हा हे सूत्र शिकवून झाले की फळ्यावर ८०५१ लिहून पाहावे. फक्त पाच मिनिटांची अट घालू नये. ज्याला त्या वेळात सुचले नाही, त्याला गणित येत नाही असे ठरवण्याची घाई करू नये, हेही पोमरन्स यांच्या गोष्टीतून आपण शिकावे.