अहिल्यानगर : नहरींचे शहर आणि त्यातील अपरिचित स्थळे

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, बोलण्यात नुसते ‘नगर’) : महाराष्ट्रातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि जुन्नरनंतरची निजामशाहीची राजधानी. सीना नदीच्या डाव्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंचीवर आणि पुण्याच्या ईशान्येस सुमारे १२० किमी. अंतरावर हे शहर वसले आहे. शहर व जिल्हा यांचे नामांतर २०२४ मध्ये झाले. नगरला येणारा पाहुणा बहुधा भुईकोट किल्ला, रणगाडा संग्रहालय व ‘चांदबीबी महाल’ एवढे पाहून शिर्डीच्या किंवा शिंगणापूरच्या रस्त्याला लागतो. या नोंदीत त्याच्या वाटेवर न येणाऱ्या स्थळांचा विचार केला आहे. ही स्थळे सुटी सुटी पाहिली तर पडक्या वास्तूंची यादी होते. त्यांच्यापर्यंत पाणी कसे पोचत होते हे लक्षात घेतले, की त्यांची जागा, आकार आणि आजची अवस्था या तिन्हींचा उलगडा होतो.

बहमनी सेनापती जहांगीरखान याचा निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याने १४९० मध्ये भिंगारजवळ पराभव केला आणि १४९४ मध्ये त्याच परिसरात नवे नगर वसवायला घेतले. दोन-तीन वर्षांतच ते कैरो व बगदाद यांच्या तोडीचे झाले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. हे दरबारी लेखणीतले कौतुक म्हणून सोडून दिले, तरी एक अडचण राहतेच. हा मुलूख पर्जन्यछायेतला. सीना पावसाळ्यापुरती वाहते, उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू तेवढी उरते. अशा जागी राजधानी, छावणी आणि बागा उभ्या करायच्या तर पाणी बाहेरून आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. शहराच्या उत्तरेस व पूर्वेस डोंगरांची रांग आहे आणि जमिनीला शहराकडे उतार आहे. त्या उताराचा फायदा घेऊन निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर अशा गावांकडून नहरी आणल्या गेल्या. कालव्यांचे शहर म्हटले की वाचकाला हॉलंडमधले डेल्फ्ट किंवा लायडन आठवेल. तिथले कालवे सखल, दलदलीच्या जमिनीतले पाणी बाहेर काढण्यासाठी खणलेले आणि उघड्यावर वाहणारे. नगरच्या नहरी पाणी आत आणण्यासाठी होत्या, आणि त्या जमिनीखालून गेल्या. म्हणूनच अख्खे शहर हिंडूनही त्या कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

नहरीची रचना साधी, पण काटेकोर आहे. डोंगराच्या पायथ्याशी तलाव किंवा विहीर हा उगम. तिथून कुठे दगड-चुन्याचे बंदिस्त पाट, तर कुठे खापरी नळ टाकून पाणी पुढे नेले जाई. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीच्या हात-दीड हात लांबीच्या नळकांड्या. प्रत्येकीचे एक तोंड किंचित निमुळते असते. ते पुढच्या नळकांडीच्या रुंद तोंडात बसवायचे, सांधा चुन्याने भरायचा आणि सबंध ओळ चुनखडीच्या बांधकामात गाडून टाकायची. कुठे रस्त्याच्या खोदकामात असा तुकडा वर आला, तर आतल्या बाजूला क्षारांचे पांढरे पुट जमलेले दिसते. पाणी किती काळ खेळत होते याची ती खूण.

बंद नळातून पाणी उताराने येऊ लागले की दाब वाढतो आणि मध्ये हवा कोंडते. त्यावर उपाय म्हणून ठरावीक अंतरांवर उच्छ्वास बांधत. उच्छ्वास म्हणजे दगड-विटांचा मनोरा. पाणी त्यात वर चढते, कोंडलेली हवा निघून जाते, गाळ तळाशी बसतो आणि पाणी दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढच्या टप्प्याला लागते. हेच तंत्र पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) वापरले. त्याची नहर-ए-अंबरी पुस्तकांतून गाजली. तिच्या आधीच्या नगरच्या नहरींना मात्र तेवढा मान मिळाला नाही. बिदरचे भूमिगत कारेज आणि बुऱ्हाणपूरचा खुनी भंडारा हेही जमिनीखालून पाणी आणण्याच्या इराणी परंपरेतले.

नगरच्या नहरींपैकी मोठी कापूरवाडीची. मीरावली डोंगराच्या परिसरातल्या कापूरवाडी तलावाचे पाणी तिने किल्ल्यापर्यंत जाई. किल्ल्याचा दगडी तट हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर बांधून घेतला. चांदबीबीने १५९५–९६ मध्ये दिलेली झुंज आणि १९४२ ते १९४५ या काळातला जवाहरलाल नेहरूंचा बंदिवास या गोष्टी वाचकाला ठाऊक असतात. महिनोन्‌महिने वेढा सोसणाऱ्या किल्ल्याला पाणी कुठून मिळत होते, हा प्रश्न मात्र किल्ला पाहताना सहसा विचारला जात नाही.

बेहस्तबाग : सावेडी उपनगराच्या बाजूला असलेली ही बाग अहमद निजामशहाच्या काळात, १५०६ च्या सुमारास तयार झाली. मूळ नाव फैजबख्श. पुढे बुऱ्हाण निजामशहाने तिचे नाव हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग, असे ठेवले. लोकांच्या तोंडी त्याचे बेहस्तबाग झाले. तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल अशी रचना होती. जवळच हमामखाना (स्नानगृह) आणि लकडमहाल म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. वडगाव व शेंडीकडच्या नहरींचे पाणी इथे खेळवलेले होते. आज तलाव कोरडा आहे आणि महालाचा मोठा भाग ढासळला आहे. भोवती वसाहती इतक्या जवळ आल्या आहेत, की पत्ता विचारल्याशिवाय वास्तू सापडत नाही. तरीही नगरमधल्या पाण्याच्या वास्तूंचा अभ्यास इथूनच सुरू करावा, कारण पुढे वर्णिलेल्या फराहबागेचा नमुना सुमारे ऐंशी वर्षे आधी इथे मांडलेला आहे.

फराहबाग : शहराच्या आग्नेयेस, सोलापूर रस्त्याच्या बाजूला. नगरकर तिला फऱ्याबाग म्हणतात. नगरमधली एकच अपरिचित वास्तू पाहायला सवड असेल, तर ती ही. बांधकामाला सुरुवात मुर्तजा निजामशहाचा वजीर चंगेजखान याने केली. त्याच्या मृत्यूनंतर ते नियामतखानाकडे आले. तयार झालेला महाल मुर्तजाला पसंत पडला नाही, म्हणून तो पाडून पुन्हा बांधायला काढला आणि वजीर सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पूर्ण झाला. राजाच्या नापसंतीपायी अख्खा महाल पाडायची ऐपत दौलतीत होती, यावरून त्या काळच्या खजिन्याची कल्पना यावी.

महाल अष्टकोनी असून तो सुमारे १५० फूट रुंद व १७ फूट खोल तलावाच्या मध्यभागी उभा आहे. मधले दालन घुमटाखालचे आणि दुमजली उंचीचे. त्याच्या चहूबाजूंना प्रचंड कमानी, आणि कोपऱ्यांतून एकमेकींत उघडणाऱ्या खोल्या. तलावावरून येणारा वारा या कमानींमधून मधल्या दालनात खेळावा अशी योजना दिसते. भिंती दगड-चुन्याच्या, वरून गिलावा. त्यातल्या नक्षीचे तुकडे कमानींच्या कडांना अजून शिल्लक आहेत. ते पाहायचे तर सकाळच्या तिरप्या उन्हात. दुपारी सगळा गिलावा सपाट दिसतो. तलावात पाणी नाही. हिवाळ्यात गवत वाळलेले असते, त्या वेळी तळात उतरून महालाकडे पाहावे. पाण्याची पातळी कुठवर असेल आणि महाल त्यावर कसा तरंगल्यासारखा भासत असेल, याचा अंदाज तिथूनच नीट येतो.

मुर्तजा (कारकीर्द १५६५–८८) एकांतप्रिय आणि लहरी होता. इतिहासाने त्याला ‘दिवाना’ हे टोपणनाव दिले. कारभार वजिरांवर सोपवून तो बागांतून राहू लागला. फिरिश्ता तरुणपणी त्याच्याच नोकरीत होता, त्यामुळे त्या दरबाराचे त्याने केलेले वर्णन ऐकीव नाही. शाहजहानला ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, असे नगरमध्ये मोठ्या अभिमानाने सांगतात. त्याला समकालीन आधार कोणी दाखवलेला नाही, आणि फराहबागेला त्या टेकूची गरजही नाही.

मांजरसुंबा व डोंगरगण : शहराच्या उत्तरेस सुमारे १५ किमी. (बीड जिल्ह्यातले महामार्गावरचे मांजरसुंबा वेगळे.) डोंगरगणच्या दरीत झरे आहेत, गर्द झाडी आहे आणि महादेवाचे देऊळ आहे. इंग्रज अधिकारी या दरीला ‘हॅपी व्हॅली’ म्हणत आणि सहलीला येत. वरच्या डोंगरावर निजामशाही गढी, तिच्यात महाल व हमामखाना यांचे अवशेष. बघण्यासारखी खरी गोष्ट कड्याच्या टोकाशी आहे : खालच्या टाक्यातले पाणी वर ओढून घेण्यासाठी बांधलेली इमारत. शहरातल्या नहरी पाण्याच्या कलाने चालत. इथे पाण्याला त्याच्या कलाविरुद्ध वर चढवले आहे.

शहा डोंगरावरील कबर व भातोडी : ज्याला सारे जण चांदबीबी महाल म्हणतात ती तीन मजली अष्टकोनी इमारत म्हणजे सलाबतखानाची कबर. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. सलाबतखान १५८९ च्या सुमारास वारला आणि इमारत अपुरीच राहिली. गच्चीवरून नगरचा सारा परिसर एका नजरेत येतो : कापूरवाडीकडचा उतार, भिंगार, किल्ला, आणि हवा स्वच्छ असेल तर फराहबागेची बाजू. नहरी कुठून कुठे गेल्या असतील याचा नकाशा इथे आयताच मांडलेला मिळतो. शहराच्या पाणीपुरवठ्याकडे जातीने लक्ष देणाऱ्या वजिराची कबर याच जागी असावी, हा योगायोग वाटत नाही.

याच सलाबतखानाच्या नावावर भातोडीचा तलावही सांगतात. मेहेकरी नदीवरच्या या तलावाने १६२४ मध्ये लढाई फिरवली. मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा मलिक अंबरने बांध फोडून शत्रूच्या तळाभोवती पाणी व चिखल केला आणि अडकलेल्या फौजेवर हल्ला चढवला. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पाटबंधारे खात्याने तलावाची दुरुस्ती केली. रणभूमी म्हणून इथे मुद्दाम येणारे थोडेच. मराठ्यांच्या इतिहासातले स्थान पाहता ही उपेक्षा अनाकलनीय आहे.

शहरातील इतर स्थळे : दिल्ली दरवाज्याबाहेर सीनेच्या काठी बागरोझा आहे. इथे अहमद निजामशहाची काळ्या दगडातली कबर आहे. आवारातली एक छोटी वास्तू गुलाम अली नावाच्या हत्तीची समाधी मानली जाते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडून देणारा हत्ती तो हाच, असे सांगतात. किल्ल्याजवळची दमडी मशीद (१५६७) आकाराने लहान, पण दगडावरचे कोरीव काम पाहता नगरमध्ये तिला जोड नाही. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी दर माणशी एक दमडी देऊन ती उभारली, ही कथा नावावरून रचली गेली असेल. घडीव चिऱ्यांचा आकार मात्र दमड्यांच्या वर्गणीला शोभणारा नाही. शर्जाखानाची कबर ‘दोबोटी चिरा’ म्हणून प्रसिद्ध आहे, ती एका दगडातल्या दोन बोटांएवढ्या खळग्यांमुळे. कोटला हे बुऱ्हाण निजामशहाने शिया विद्वान शाह ताहिरच्या सल्ल्याने उभारलेले शिया विद्यापीठ. विजापूरची मुलूखमैदान तोफ रूमीखानाने १५४९ मध्ये नगरलाच ओतली होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ पासूनचे. मिस फरार यांच्या इथल्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले.

नहरी मोगलाईत व पेशवाईत चालू होत्या, आणि नगरपालिका (स्थापना १८५४) आल्यावरही काही काळ त्यांवर शहराची तहान भागे. आता मुळा धरणाचे पाणी विळदमार्गे वसंत टेकडीवर चढवून शहरभर वाटले जाते. सावेडीतला पाईपलाईन रोड याच व्यवस्थेची आठवण, आणि बेहस्तबाग त्याच भागात कोरडी पडलेली. जुन्या नहरींचे नळ नांगरटीत, रस्त्यांच्या कामांत व घरांच्या पायांत तुटले. नहर एका ठिकाणी तुटली की पुढची सारी निकामी होते, त्यामुळे एखादा उच्छ्वास जपून भागत नाही.

किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ बाळगावे. फराहबागेचा परिसरही लष्करी हद्दीलगतचा आहे. सलाबतखानाच्या कबरीपर्यंत गाडी जाते, मांजरसुंब्याला चढून जावे लागते. भातोडीला पावसाळा संपता संपता जावे. उन्हाळ्यात तलाव आटलेला असतो.