चार वेळा चाल, चार वेळा वळ

लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ साली जन्मली, तेव्हा तिच्यात कासव नव्हते. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फॉयरझाइग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती घडवली. तिचे नाव फॉयरझाइग यांनी 'शब्द' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले. सुरुवातीचे खेळही शब्दांचेच होते: शब्द तोडायचे, जोडायचे, त्यांतून गमतीदार वाक्ये जुळवायची.

कासवाची कथा त्याआधीची आणि इंग्लंडमधली. ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये चाकांवर चालणारी दोन छोटी यंत्रे बनवली. एल्मर आणि एल्सी अशी त्यांची नावे. प्रत्येकात दोनच निर्वात नळ्या होत्या. तरीही ही यंत्रे उजेडाकडे जात, आडवे काही आले तर बगल देऊन पुढे सरकत. पाठीवरच्या कवचामुळे वॉल्टर त्यांना कासव म्हणत.

लोगोच्या मंडळींनी नाव उचलले, पण काम वेगळे दिले. १९७० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, इथल्या प्रयोगशाळेत जमिनीवर एक कासव फिरू लागले. त्याच्या पोटाशी पेन होते. वायरीने ते संगणकाशी जोडलेले होते. 'फॉरवर्ड १००' म्हटले की शंभर पावले पुढे, 'राइट ९०' म्हटले की जागेवरच उजवीकडे काटकोनात वळण. पेन टेकलेले असेल, तर वाट कागदावर उमटे. पुढे हेच कासव पडद्यावर आले आणि छोट्या त्रिकोणाच्या रूपात राहिले.

पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचे गणितज्ञ. १९५८ ते १९६३ या काळात जीनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासोबत काम करताना मूल नेमके कसे शिकते, हा प्रश्न त्यांच्या मनात पक्का रुजला होता. शाळेतल्या भूमितीत बिंदूचा पत्ता आडव्या-उभ्या अक्षांवरून ठरतो आणि मूल त्या आलेखाच्या बाहेर उभे असते. कासवाला मात्र फक्त आपले तोंड कुठे आहे, एवढेच ठाऊक असते. त्यामुळे अडलेले मूल स्वतः उठून कासव होऊ शकते. लोगोच्या वर्गात शिक्षक नेमके हेच सुचवत: चालून बघ.

चौरस चालून काढणारे मूल तिसऱ्या बाजूपर्यंत कंटाळते. पुन्हा शंभर, पुन्हा नव्वद, पुन्हा तेच. 'लूप'ची, म्हणजे आवर्तनाची गरज इथे मुलालाच भासते. मग 'रिपीट ४ [फॉरवर्ड १०० राइट ९०]' या एका ओळीत चौरस पुरा होतो, आणि चारचा आकडा कुठून आला हे सांगावे लागत नाही. पाठ्यपुस्तकातला लूप बहुधा एकापासून दहापर्यंतचे आकडे छापतो, आणि ते काम मुलाला तोंडानेही करता येते. चौरसाचे आवर्तन डोळ्यांना दिसते आणि पायांना जाणवते. लोगोचे मोठे देणे हेच.

खरी गंमत त्रिकोणात आहे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे शाळेत पाठ झालेले असते. म्हणून मूल 'रिपीट ३ [फॉरवर्ड १०० राइट ६०]' लिहिते आणि तीन बाजू काढूनही आकृती उघडीच राहते. तीनऐवजी सहा वेळा केले तर षट्कोन मिळतो! चूक शोधायला मूल उठून चालते, तेव्हा त्याच्या लक्षात येते की कोपऱ्यावर आपण आतल्या कोनाएवढे वळत नाही. सरळ चाललो असतो त्या दिशेपासून १२० अंश वळतो. तीन वेळा १२० म्हणजे ३६०. चार वेळा ९० म्हणजेही ३६०. फेरी पुरी करून मूळ दिशेला तोंड करायचे, तर एकूण वळण ३६० किंवा त्याची पट. मग पंचकोनाला ७२ लागतात हे मूल स्वतःच काढते. पाच टोकांच्या चांदणीला १४४ लागतात, कारण तिथे कासव दोनदा पूर्ण फिरते. चौरस काढून दहा अंश वळायचे, हेच ३६ वेळा केले की आवर्तनाच्या पोटात आवर्तन बसते आणि पडद्यावर रांगोळीतल्यासारखे फूल उमलते. ही भूमिती किती खोल जाते, ते हॅल एबलसन आणि अँड्रिया डिसेसा यांनी १९८१ साली 'टर्टल जॉमेट्री' या पुस्तकात दाखवले.

एमआयटीतच रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीने १९७४ ते १९७६ दरम्यान, वाचताही न येणाऱ्या चिमुकल्यांसाठी कासव चालवायचे साधन बनवले. खाचांच्या रंगीत पेट्या आणि त्यांत खोचायची चित्रांची कार्डे. लाल पेटीत लाल पेटीचेच कार्ड खोचले की तीच कृती फिरून सुरू होई. याच पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास संगणकांच्या जाळ्यासाठी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. तिचे काम जाळ्यात लूप तयार होऊ न देणे!

पेपर्ट यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक १९८० साली आले आणि छोट्या संगणकांबरोबर लोगो शाळाशाळांत पोचली. अपेक्षाही तितक्याच वाढल्या. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासले, तेव्हा लोगो शिकलेली मुले इतर कामांचे नियोजन काही जास्त चांगले करताना दिसली नाहीत. पेपर्ट यांचे उत्तर असे होते, की भाषा एकटी काही घडवत नाही, तिच्याभोवतीचे वातावरण घडवते. ते उत्तर पटण्याजोगे आहे. पण त्या दोघांनी लावलेला चापही गरजेचा होता. लोगोमुळे मूल सगळ्याच विषयांत हुशार होते, हा दावा टिकला नाही. आवर्तन आणि कोन समजावायला मात्र कासवाइतके चांगले साधन सापडणे कठीण.

आपल्याकडे लोगो आली ती बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांतल्या संगणकाच्या पुस्तकांतून. 'एफडी' म्हणजे फॉरवर्ड, 'आरटी' म्हणजे राइट, हे परीक्षेपुरते पाठ करायचे आणि कासव विसरायचे, असे अनेकांचे झाले. हे दुःखाचेच आहे. पण कासवाला इथे चांगले घरही मिळाले. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस ही संगणकभाषा शिकवण्यासाठी 'सिंपलसीपीपी' हे साधन तयार केले. त्यात 'रिपीट' ही लोगोची जुनी आज्ञा आहे आणि पडद्यावर चालणारे कासवही. देशभरातून आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिथे आकड्यांच्या उदाहरणांआधी कासवाला चौरस काढायला लावतात.

पायथन भाषेसोबतही 'टर्टल' नावाचे हेच कासव येते. घरात आठ-नऊ वर्षांचे मूल असेल, तर संगणक उघडण्याआधी त्याला अंगणात न्या आणि समभुज त्रिकोण चालून दाखवायला सांगा. कोपऱ्यावर ते किती वळले, ते त्यालाच मोजू द्या.