वऱ्हाडातून निघालेली शीळ

आमच्या आबांना यवतमाळच्या कापसाच्या जिनांची नावे पाठ होती, तशाच घरातल्या तबकड्याही. कापसाचे पैसे हाती आले की कुणी बैलजोडी घेई, कुणी सोने. आबांच्या काकांनी चावीचा फोनो घेतला. मुंबईहून निघालेला तो फोनो मुर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतला रेल्वेने यवतमाळात उतरला. “पिन बदलली नाही तं गानं खरखरे, अन् चावी सरली का गवयी म्हातारा होऊन जाये,” आबा सांगत.

तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. ती लाखेची असे. फाल्गुनात आपली राने पेटवणाऱ्या पळसावरही हा लाखेचा किडा पोसतो. पळसाच्या अंगावरची लाख अशी गाणे होऊन घरात येई.

त्या तबकड्यांतली आजीची आवडती एकच, कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’. गायक जी. एन. जोशी. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही तबकडी मराठी भावगीताच्या आरंभाची खूण मानली जाते. तोवर मराठी तबकड्यांवर बहुतांशी नाट्यपदे आणि रागदारी गाजत होती. आजी म्हणे, “नाटकातली रानी नाही गा, आपल्यावानी पोरगी होती त्या गान्यात.” दुपारी शेजारच्या बाया माजघरात जमत आणि तीच तबकडी पुन्हापुन्हा लावायला सांगत. रानाची, पाखरांची, मनातल्या ओढीची बोली साध्या चालीत घरात आली होती. भावगीताच्या इतिहासात जे घडले, ते त्या बायांना तेव्हाच कळले होते असे मला वाटते.

“दोघंही आपल्याकडचे, दोघंही वकिली शिकलेले,” आबा अभिमानाने सांगत, आणि ते खरेच होते. दोघांचा जन्म १९०९ चा. देशपांडे मेहकरला वकिली करत राहिले. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली आला, म्हणजे गाणे पुस्तकाच्या कितीतरी आधी घरोघर पोचले. जोशी खामगावचे, नागपुरात शिकलेले. ते १९३८ साली एचएमव्ही या तबकडी कंपनीत गेले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी इतरांचे गाणे ध्वनिमुद्रित केले.

आबांच्या गोष्टी इथे थांबत. पुढचा धागा मला त्यांच्याच ट्रंकेत सापडला: विनाइलची, ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. साल १९६७. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. निर्माते जी. एन. जोशी.

त्याच वर्षी लंडनमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा गट उभा राहिला. दोन वर्षांनी ‘लीज अँड लीफ’ या तबकडीत त्यांनी जुनी ब्रिटिश लोकगीते विजेच्या गिटारवर वाजवली आणि ब्रिटिश फोक-रॉकला आपला आवाज मिळाला. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन, बर्ड्सचे डेव्हिड क्रॉस्बी यांच्यासारखे संगीतकार ‘कॉल ऑफ द व्हॅली’चे चाहते होते. रानातले सूर नव्या वाद्यांसह तबकडीवर आणण्याची ओढ तिकडे होती तशी इकडेही होती, आणि इकडे ती पस्तीसएक वर्षे आधीच मेहकरच्या कवितेतून, खामगावच्या गळ्यातून बोलली होती.

दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या की जोशींची वाट दिसते. एकीत ते माइकसमोर आहेत, दुसरीत काचेपलीकडे, आणि दोन्हींमध्ये माळरानावरच्या साध्या माणसाला त्यांनी मध्यभागी ठेवले आहे. वादकांची नावे जगाने लक्षात ठेवली, ती ठेवायलाच हवीत. पण ज्याने ही मैफल जमवली त्याचे नाव निदान वऱ्हाडाने तरी विसरू नये.

आपल्या घराघरांतल्या ट्रंका भंगारात जाण्याआधी उघडल्या पाहिजेत. तबकड्या पुसून ठेवता येतील. पण त्या कुणी आणल्या, कुणी ऐकल्या, कोणत्या गाण्याला कोण रडले, हे सांगणारी माणसे अजून आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ते लिहून घेतले पाहिजे. मराठी गाण्याचा इतिहास स्टुडिओत जेवढा घडला, तेवढाच तो या माजघरांत घडला आहे.